कोड: टी पेशींना जाणारं आवतण थांबवलं की झालं?

लिंबोणी (धागाकर्ती)
मावशीच्या कमरेवर बरोब्बर परकराच्या नाडीच्या रेघेत कोड उठलंय. घरात "मासे खाऊन दूध प्यायली असशील" चालूच. मासे आणि दूध दोघेही निर्दोष आहेत हो!

होतं ते असं. त्वचेत शिरलेली टी पेशी (रोगाशी लढणारी पांढरी रक्तपेशी, कोडात ती आपल्याच रंगपेशींवर उलटते) इंटरफेरॉन गामा नावाचं निरोप देणारं प्रथिन सोडते. ते लागलं की शेजारच्या त्वचापेशी सीएक्ससीएल९ आणि सीएक्ससीएल१० ही केमोकाइन्स, म्हणजे इवलीशी प्रथिनं, सोडू लागतात. हेच टी पेशींना आवतण. त्यांचा माग काढायला रक्तातल्या टी पेशींवर सीएक्ससीआर३ हा ग्राही (निरोप टिपणारं प्रथिन) असतो. माग जिकडे दाट, तिकडे त्या सरकतात. पोचल्या की पुन्हा इंटरफेरॉन, पुन्हा आवतण. या गर्दीत रंगपेशी मरतात.

२०१४ मध्ये उंदरांत सीएक्ससीएल१० अडवलं तर शेपटीवर गेलेला रंग परतला. म्हणून माझं मत: आधी आवतण थांबवा. बावची (कोडावर लावतात ती वनस्पती), काढे वगैरे सगळं दुय्यम.

खडूस डबा
असहमत. आवतण थांबवणारं औषध आलंय की. रुक्सोलिटिनिब मलम, अमेरिकेत २०२२ पासून कोडासाठी मंजूर. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारं जॅक नावाचं विकर ते अडवतं, म्हणून केमोकाइन बनत नाही. चाचण्यांत २४ आठवड्यांनी चेहऱ्यावरचे डाग किमान ७५ टक्के भरून आले, पण फक्त सुमारे ३० टक्के लोकांचे. आणि औषध सोडल्यावर कित्येकांना डाग परत येतात, तेही जुन्याच जागी. जुन्याच का? कारण काही टी पेशी पाहुण्या नसतातच. त्वचेत ठाण मांडून बसतात, इंटरल्यूकिन-१५ या त्वचेतल्याच निरोप-प्रथिनावर तगतात. घरात बसलेल्याला कसलं आवतण?

लिंबोणी
पण या घरबशांना एकट्याने जमतं कुठे? उंदरांतच दिसलंय की त्या हाक घालतात आणि रक्तातून कुमक येते. कुमक तोडली तर रंग परततो. म्हणजे आवतण आलंच ना!

खडूस डबा
उंदराची शेपूट आणि मावशीची कंबर यांत फरक आहे, एवढंच म्हणतो. आणि ही हाक कोडापुरती नाही. विषाणू शिरला की टी पेशी याच वाटेने येतात. ती अंगभर बंद करायची? जॅक अडवणाऱ्या गोळ्यांवर गंभीर संसर्गाचा इशारा उगाच छापत नाहीत.

तिळगूळ
मला स्वतःला कोड आहे म्हणून लिहिते. (कृपया श्वेतकुष्ठ म्हणू नका, कुष्ठाशी याचा काडीचाही संबंध नाही.) हनुवटीवर रंग परतला तो तिळाएवढ्या ठिपक्यांनी, प्रत्येक ठिपका एकेका केसाभोवती. राखीव रंगपेशी केसांच्या मुळाशी असतात. बोटांच्या टोकांना केसच नाहीत, तिथे अजून पांढरंफटक. तुमचं आवतण थांबलं तरी तिथे रंग आणणार कोण? आणि बावचीला इतकं उडवू नका. तिच्यातलं सोरालेन आणि अतिनील किरण मिळून टी पेशींनाच मारतात. घरी लावून उन्हात मात्र बसू नका, भाजतं.

लिंबोणी
बोटांचा मुद्दा मान्य, बावचीचाही. आवतणाचा सोडत नाही.

खडूस डबा
सोडू नका. मावशींची नाडी मात्र आजच सोडवा. घासलं जातं तिथेच नवे डाग उठतात. रुंद मऊ पट्ट्याचा परकर शिवून घ्या.