मदत हवी आहे: शुक्रवारच्या आत माझ्या मागचं दृश्य सुधारायचंय

कावेरी_डोंबिवली | ५ मे २०२०, रात्री ११:४८
तातडीचं आहे. लॉकडाऊनमुळे घरून काम आहे आणि आमच्या टीममध्ये शुक्रवारच्या व्हिडिओ कॉलच्या शेवटी प्रत्येकाच्या मागे काय दिसतं त्याला दहापैकी मार्क देतात. गंमत म्हणून सुरू झालं, आता गंमत राहिलेली नाही. २४ एप्रिलला मला ३ मिळाले, सगळ्यांत कमी. वर शेरा, 'अपहरणकर्त्यांनी पाठवलेला व्हिडिओ वाटतो'. १ मेची सुट्टी होती म्हणून एक आठवडा वाचले. ८ तारखेला मोठे साहेबही असणार आहेत. खर्च नको, भिंतीला खिळा नको. "दुर्लक्ष करा" सांगणाऱ्यांनी कृपया लिहू नये.

रिकामटेकडा
फोटो टाका. खोली कोणती? खिडकी समोर की मागे? लॅपटॉप की फोन?
(रुमाल टाकून ठेवतो.)

अनुष्का_८८
इतकं टेन्शन कशाला? व्हर्च्युअल बॅकग्राउंड लाव. झूमच्या सेटिंगमध्ये दोन क्लिकचं काम. मी दीड महिना गोल्डन गेट पुलासमोर बसून मीटिंगा करतेय.

सदू_धायरी
तो पूल आम्हीही बघतोय. आमच्या एका बाईंचा अर्धा कान पुलात गेलाय, आणि चहाचा कप तोंडाशी नेला की कप गायब. जुन्या लॅपटॉपवर मागे हिरवा कपडा लावल्याशिवाय ते चालतही नाही. खऱ्या भिंतीला पर्याय नाही.

अनुष्का_८८
माझे दोन्ही कान जागेवर आहेत. बसणाऱ्याला स्थिर बसता आलं पाहिजे.

भाऊसाहेब_बिनकामाचे
वन बीएचकेत चार माणसं कोंबायची आणि वर कोणाच्या घरात काय दिसतं याला मार्क! चाळे आहेत नुसते. कॅमेरा बंद ठेवा आणि नेट खराब आहे म्हणून सांगा.

जर्सीकर
हे खूळ आमच्याकडचं, अमेरिकेतलं. एप्रिलमध्ये ट्विटरवर 'रूम रेटर' नावाचं खातं निघालं. टीव्हीवर घरून बोलणारे पत्रकार, डॉक्टर, पुढारी, कोणालाच सोडत नाहीत. फोटो टाकायचा, दोन ओळींत टोमणा मारायचा आणि दहापैकी मार्क द्यायचे. अपहरणाचा शेराही तिथलाच, मागे नुसती कोरी भिंत असली की हमखास मिळतो. रोज बघून माझा अंदाज असा: कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असेल, एखादं झाड किंवा चित्र असेल आणि मागे थोडं अंतर दिसत असेल तर मार्क चढतात. लोंबणारी वायर दिसली की कापतात. ब्रिटनमध्ये 'बुककेस क्रेडिबिलिटी' आहे, ते फक्त मागच्या पुस्तकांच्या कपाटावर बोलतात.
तेव्हा कावेरीताई, एक छानसं रोप आणि रिंग लाइट मागवा. दोन दिवसांत येईल.

कावेरी_डोंबिवली
जर्सीकर, आम्ही रेड झोनमध्ये आहोत. ऑनलाइन फक्त जीवनावश्यक वस्तू मिळतात. नर्सरी बंद. रोप म्हणून कोथिंबिरीची जुडी ठेवू का?
आणि अनुष्का, झूम नाही गं, गूगल मीट आहे. त्यात असलं काही नाही.

अनुष्का_८८
हे आधी नाही का सांगायचं? दोन प्रतिसाद फुकट गेले.

कावेरी_डोंबिवली
मला वाटलं सगळ्यांकडे मीटच असतं.

टेकसॅव्ही_नाना
मीट असलं तरी स्नॅप कॅमेरा उतरवून घेता येतो. चेहरा आणि मागचं दृश्य बदलणारं वेगळं सॉफ्टवेअर आहे, मीटमध्ये कॅमेरा म्हणून तेच निवडायचं. फक्त आधी घरी सराव करा. मार्चअखेरीस अमेरिकेतल्या एक बॉसबाई त्यातून बटाटा झाल्या आणि बंद कसं करायचं ते कळेना म्हणून अख्खी मीटिंग बटाटा होऊनच बसल्या.
आणखी एक. मागच्या पुस्तकांची नावं तुम्हाला उलटी दिसत असतील तर घाबरू नका. आरशासारखं फक्त आपल्यालाच दिसतं, समोरच्यांना सरळच दिसतात.

रिकामटेकडा
नाना, त्यांच्या मागे पुस्तकं आहेत असं कोणी सांगितलं? कावेरीताई, फोटो नाही तर नाही, निदान बसता कुठे ते सांगा.

कावेरी_डोंबिवली
स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत ह्यांचे कॉल आणि मुलाचे ऑनलाइन वर्ग, बेडरूममध्ये सासू-सासरे. ओट्यावर लॅपटॉप, मी स्टुलावर. ओट्याच्या वर खिडकी. माझ्या मागे फ्रिजची कड, मग पॅसेज, पॅसेजच्या टोकाला बाथरूमचं दार. पॅसेजमध्ये वर कपडे वाळत घालायच्या दोरीच्या दांड्या आहेत. सकाळच्या कॉलला सासरे पंचा लावून मागून जातात. २४ तारखेला दोनदा गेले.

सदू_धायरी
😂😂 आता ३ मार्क जास्तच वाटायला लागले.

भाऊसाहेब_बिनकामाचे
स्वतःच्या घरात पंचा लावायचा नाही तर काय टाय लावायचा?

जर्सीकर
सासऱ्यांना दोष देऊ नका. मार्च २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानहून रॉबर्ट केली बीबीसीवर बोलत होते, मागून आधी मुलगी नाचत आली, मग वॉकरमधलं बाळ, मग धावत आलेली आई. जगाला त्यांचं बोलणं आठवत नाही, मुलगी आठवते.

सुमनताई
सगळे अमेरिका-कोरिया फिरून आलात, आता घरात या. कावेरी, खिडकी तोंडासमोर आहे म्हणजे उजेड चांगला, जागा बदलू नकोस. आता उत्तर तुझ्या डोक्यावरच टांगलंय. शुक्रवारी दांडीवरचे वाळलेले कपडे लवकर काढ. एक दांडी दोरीने निम्म्यावर आण आणि त्यावर साडी दुहेरी सोड. बाथरूमचं दार झाकलं, पंचाही झाकला, खिळा नको. बारीक चौकडीची घेऊ नकोस, कॅमेऱ्यात रेघा नाचतात. भरल्या रंगाची, मोठ्या काठाची घे. लॅपटॉपखाली तांदळाचा डबा आणि त्यावर पाट, म्हणजे कॅमेरा डोळ्यांसमोर येईल.

सदू_धायरी
साडी पंख्याने हलणार. नाटकाचा पडदा वाटेल.

सुमनताई
खालच्या काठाला कपड्यांचे चिमटे लाव, वजनाने हलत नाही. आणि स्वयंपाकघरात पंखा कोणाकडे असतो रे?

सदू_धायरी
आमच्याकडे आहे.

अनुष्का_८८
साडीपेक्षा पांढरी चादर बरी, स्वच्छ दिसते.

सुमनताई
पांढऱ्यापुढे चेहरा काळवंडतो, करून बघ. शिवाय कोरी चादर म्हणजे पुन्हा अपहरण.

रिकामटेकडा
सुमनताई +१. धागा मार्गी लागला. अवांतर: ती हाताने फेटायची डाल्गोना कॉफी कोणाची फेसाळली का? माझा हात सुजलाय.

कावेरी_डोंबिवली | ८ मे २०२०, दुपारी १:२०
झालं. ७ मिळाले. सासूबाईंची लाल काठांची जांभळी इरकल लावली, त्यांनी स्वतः घडी मोडून दिली. मिक्सरची वायर ओट्यावरून लोंबत होती, तिचा एक मार्क गेला (जर्सीकर, बरोबर होतात). कोथिंबिरीला अर्धा मिळाला. सासऱ्यांना साडेदहापर्यंत बाहेर येऊ नका म्हणून सांगितलं होतं, आले नाहीत. पण साहेब बोलत असताना साडीमागून आकाशवाणी झाली, "सूनबाई, पाणी गेलंय!" दीड मार्क तिथे गेला. साहेबांनी विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, सर, नेटवर्क.

भाऊसाहेब_बिनकामाचे
मग पाणी आलं का?

कावेरी_डोंबिवली
मी दोन बादल्या नेऊन दिल्या. कॉल चालू असताना. कॅमेरा बंद करून, नेट खराब आहे म्हणून.

अनुष्का_८८
जांभळी इरकल? फोटो टाक ना. पदर लाल-पांढऱ्या टोप तेणी नक्षीचा आहे का? मला आईसाठी घ्यायचीय.

सुमनताई
घ्यायची तर कर्नाटकातल्या इळकलच्या विणकरांचीच घे गं. हल्ली यंत्रमागाची पण इरकल म्हणून खपवतात.

सदू_धायरी
यंत्रमागाची टिकते जास्त.

सुमनताई
सदू, तू पंख्याखाली बस.