अनुभव धागा: कॉलेजात केलेली पहिली टीव्ही स्टोरी

नमस्कार मंडळी. मी एका कॉलेजात पत्रकारिता शिकवते, त्याआधी 11 वर्षं चॅनलच्या डेस्कवर होते. यंदा न्यूज मॅगझिनचा पेपर माझ्याकडे आलाय. म्हणजे बुलेटिनमधली दीड मिनिटाची बातमी नाही, तर अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात बसणारी 6-7 मिनिटांची स्टोरी, जिच्यात एक माणूस भेटतो आणि त्याचं पुढे काय होतंय म्हणून आपण बघत राहतो. पोरांच्या खिशात कॅमेरा आहे, एडिटिंग माझ्यापेक्षा भराभर येतं, तरी पहिल्या असाइनमेंटला 22 पैकी 19 जणांनी एकच गोष्ट आणली, कुणीतरी खुर्चीत बसून बोलतंय आणि मधे मधे ड्रोनचे शॉट. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना हे कुणी दाखवलेलंच नाहीये. तर ज्यांनी ज्यांनी शिकताना अशी स्टोरी केलीय त्यांनी कुठे अडलात, काय उमगलं ते सविस्तर लिहा प्लीज. कॉलेजची, सरांची नावं नकोत. मी हे वर्गात वाचून दाखवणार आहे.

———

पुणे, 2005. आमच्याकडे सोनीचे 2 पीडी-170 कॅमेरे आणि विद्यार्थी 34. कॅमेरा सकाळी 10 ला मिळायचा आणि 5 ला परत. मी विषय घेतला महात्मा फुले मंडईचा, आणि मंडईची खरी गडबड तर 10 च्या आत उरकलेली असते, त्यामुळे आधी आठवडाभर अर्ज-विनंत्या करून कॅमेरा रात्री घरी न्यायची परवानगी काढली.

एका भाजीवाल्या मावशींची मुलाखत घेतली, टेप भरत आली इतकी, 52 मिनिटं. काय बोलल्या हो, सासूबाई याच गाळ्यावर बसायच्या, त्यांची वजनं अजून हीच आहेत, पहाटे कोथिंबिरीवर पाणी कसं मारायचं, सगळं. आणि बाकी मंडईचे शॉट होते 4 मिनिटांचे, त्यातली अर्धी पॅनिंग, म्हणजे कॅमेरा नुसता आडवा फिरवलेला. एडिटला बसलो तर मावशी वजनांबद्दल बोलतायत आणि माझ्याकडे वजनांचा एकही शॉट नाही. सर शांतपणे म्हणाले, "ही रेडिओची मुलाखत झाली, आता टीव्हीची करून ये."

परत गेलो तेव्हा सरांनी सांगितलेलं मी आजपर्यंत पाळतो. काम करणाऱ्या माणसाचे आधी हात, मग चेहरा, मग दोन्ही एकत्र, मग त्याच्या खांद्यावरून त्याला काय दिसतंय ते, आणि पाचवा शॉट तिथे उभं राहिल्यावर जो सुचेल तो. प्रत्येक शॉट मनात 10 मोजेपर्यंत हलवायचा नाही. माझा पाचवा शॉट होता पारड्याच्या खालून घेतलेला.

आणखी एक. मिनीडीव्ही टेप कॉम्प्युटरवर घ्यायला जेवढी टेप तेवढाच वेळ, तासाला साधारण 13 जीबी, आणि लॅबची हार्डडिस्क सगळ्या बॅचची मिळून 80 जीबीची. म्हणून आधी टेप बघून वहीत टाइमकोड (शॉट टेपवर कितव्या मिनिट-सेकंदाला आहे ते) लिहायचा, शॉटमध्ये काय आहे, कुठून कुठपर्यंत हवा. मी 11 पानं लिहिली, आणि ती लिहिता लिहिताच स्टोरी कुठून सुरू करायची ते सापडलं, कॉम्प्युटरला हात लावायच्या आधीच. आजच्या मुलांना टेप नको, पण वही जरूर द्या.

———

वरच्या दादांनी चित्राचं लिहिलंय, मी आवाजाचं लिहितो. मी इचलकरंजीचा, कॉलेज कोल्हापूरला. यंत्रमागावर स्टोरी करायची ठरवलं कारण घरासमोरच शेड. पहिल्या दिवशी शेडमध्येच मुलाखत घेतली, कॅमेऱ्यावरचाच माइक, घरी येऊन ऐकलं तर फक्त खटखट खटखट, काकांचे ओठ हलतायत एवढंच. लई वाईट वाटलं, कारण त्यांनी 12 तासांची पाळी संपवून मला अर्धा तास दिला होता.

मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या हा आवाज घालवायच्या मागं लागू नको, हा आवाज हीच तुझी स्टोरी आहे. मग नुसता आवाज गोळा करायला गेलो. शेडच्या आतून, दारातून, गल्लीतून, आमच्या स्वयंपाकघरातून, जिथं तो इतकी वर्षं आमच्या कानात बसलाय की ऐकूच येत नाही. मुलाखत काकांच्या घरी घेतली, कॉलरचा माइक लावून. आणि तिसऱ्या दिवशी शेडमध्ये रेकॉर्ड करत असतानाच लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले. काकांनी कानावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता खरा आवाज यायला लागला बघ, आतनं."

कॅमेरा चालू होता. का चालू ठेवला माहीत नाही, बहुतेक मॅडमनी सांगितलेलं डोक्यात होतं की काम संपलं वाटलं तरी 30 सेकंद बटण दाबायचं नाही. स्टोरीची सुरुवात आम्ही काळ्या पडद्यावर 6 सेकंद नुसत्या मागाच्या आवाजाने केली आणि साधारण मध्यावर ती शांतता. व्हीओचा, म्हणजे चित्रावर वाचलेल्या निवेदनाचा, तिथं एक शब्द नाही.

———

मी अमेरिकेत शिकले, तिथे कॉलेजच्या चॅनलवर आमचा अर्ध्या तासाचा मॅगझिन शो असायचा. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीवर सेगमेंट केला आणि त्यात माझ्या भावाने दादरहून पाठवलेलं फुटेज वापरलं. भारतातलं फुटेज पाल पद्धतीचं, सेकंदाला 25 फ्रेम, आणि अमेरिकेतलं 29.97, त्यामुळे मिरवणुकीचे सगळे शॉट धक्के खात होते, 2 रात्री बसून बदलून घेतले. त्यात एडिटिंगची टाइमलाइन नॉन-ड्रॉपवर होती, म्हणजे घड्याळाशी जुळण्यासाठी मधले फ्रेमचे आकडे न गाळणाऱ्या मोजणीवर. 29.97 असल्यामुळे नॉन-ड्रॉप टाइमकोड घड्याळाच्या मागे पडतो, तासाला 3.6 सेकंद, म्हणजे टाइमलाइन दाखवते त्यापेक्षा शो खरा थोडा लांब असतो. 6 मिनिटांच्या सेगमेंटला ते जाणवत नाही, पण पूर्ण शो वेळेत बसवायचा असतो तेव्हा दुसऱ्याच्या सेगमेंटमधून सेकंद कापावे लागतात. त्या दिवशी ज्या मुलीचा शेवटचा शॉट कापला गेला तिचा चेहरा मला आठवतो. शूटला जायच्या आधी फ्रेमरेट ठरवा, सगळ्यांनी एकच.

———

लिखाणाबद्दल थोडं. आम्ही सगळे छापील मराठीत व्हीओ लिहायचो, "सदर महिलेने व्यवसायास प्रारंभ केला" असं. आमच्या मॅडम उभं करून मोठ्याने वाचायला लावायच्या आणि जिथे श्वास तुटेल तिथे वाक्य तोडायच्या. कागदाच्या डाव्या बाजूला चित्र, उजव्या बाजूला आवाज. डावीकडे दिसतंय ते उजवीकडे लिहिलं असेल तर खोडायचं. 600 शब्दांचं माझं स्क्रिप्ट शेवटी 210 वर आलं आणि तरी काही कमी वाटलं नाही.

———

मी हे कधी लिहिलं नव्हतं. एका अंगणवाडी सेविकेचा बाइट, म्हणजे मुलाखतीतला बोलण्याचा तुकडा, मी कापला. त्या म्हणाल्या होत्या, "आहार वेळेवर येत नाही, पण आमच्या सुपरवायझर बाई स्वतःच्या पैशाने डाळ आणतात." मला 12 सेकंदच हवे होते, मी 'पण' च्या आधी कापलं. तांत्रिकदृष्ट्या अगदी स्वच्छ कट, वर मुलाचा कटअवे, म्हणजे बोलण्यावर टाकलेला दुसरा शॉट, टाकून सांधा झाकला. वर्गात कौतुक झालं. ताईंनी स्टोरी बघितली आणि फोन केला, ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "बाईंना आता मी तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण वाक्य परत जोडलं, स्टोरी 9 सेकंदांनी लांबली. पण आधीची आवृत्ती तोवर फोनवर फिरली होती. तुमच्या मुलांना सांगा, कटअवे टाकताना विचारा की त्याच्याखाली काय झाकतोय.

———

लातूर, 2016. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. मार्चमध्ये शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं 144 कलम लागलेलं, 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वॅगन, 5 लाख लिटर. स्टेशनवर देशभरातले कॅमेरे. आम्हीही गेलो, आम्हाला वाटलं आपणही तेच करायचं. दीड दिवस आम्ही बाकीच्यांच्या मागून तीच रेल्वे शूट केली आणि रात्री फुटेज बघितलं तर आमच्याकडे जे होतं ते सगळ्यांकडे आधीच होतं, आणि चांगलं होतं.

मग ग्रुपमधली एक मुलगी म्हणाली, आमच्या गल्लीत ही रेल्वे पोचते का ते बघू. तेवढाच प्रश्न घेतला. तिच्या शेजारच्या एका घरी 3 दिवस बसलो, पहिला दिवस कॅमेरा काढलाच नाही. घागरी कुठल्या क्रमाने ठेवतात, भाजी धुतलेलं पाणी कुठं जातं, दहावीतली पोरगी पुस्तक घेऊन टँकरच्या रांगेत कशी बसते, हे पहिल्या दिवशी नुसतं बघितलं म्हणून दुसऱ्या दिवशी कुठं उभं राहायचं ते कळलं. 7 मिनिटांत रेल्वेचा एकच शॉट ठेवला, 4 सेकंदांचा.

———

लातूरकर, फार सुंदर. एक विचारते, त्या घरच्यांना दाखवलीत का स्टोरी? आणि बाकीच्यांना, फोनवर शूट करणाऱ्या माझ्या मुलांना तांत्रिक काही सांगायचं असेल तर तेही लिहा.

———

फोनवाल्यांसाठी: आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली 30 फ्रेमवर शूट केलं की चित्रावर पट्टे फिरतात. 25 फ्रेम आणि शटर 1/50 लावा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, आणि पैसे असतील तर लेन्सवर नको, माइकवर घाला.

———

लातूरवाला परत. हो ताई, दाखवली, सबमिशनच्या आदल्या रात्री, त्यांच्याच ओट्यावर लॅपटॉप ठेवून. गल्लीतली 20-25 माणसं जमली. संपल्यावर कुणी बोललं नाही, मग त्या घरच्या काकू म्हणाल्या, "समदं बराबर हाय लेकरा, पण टँकर आमच्याकडं आठव्या दिशी येतो. ह्ये बघून वाटतंय रोज येतोय." आणि खरंच, आम्ही 2 वेगवेगळ्या फेऱ्यांचे शॉट सलग जोडले होते. रात्री 1 वाजता गोधडीखाली तोंड घालून, म्हणजे बाहेरचा आवाज नको म्हणून, एक वाक्य रेकॉर्ड केलं, "टँकर पुन्हा आला तो आठव्या दिवशी", आणि त्याच्या आधी रिकाम्या घागरींचा शॉट 5 सेकंदांनी वाढवला.