मे महिन्यात शेतात जावळ, दिवसा लाईट नाही, कोल्ड्रिंकच्या बाटल्या चार वाजेपर्यंत गार कशा ठेवायच्या?

लिंबाखालचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. पुतण्याचं जावळ आहे मेच्या दुसऱ्या आठवड्यात, अक्कलकोट रोडला आमच्या शेतात, लिंबाच्या झाडाखाली. माणसं दीडशेच्या आसपास. सकाळी 10 ला सुरू करायचं म्हटलं तरी पाहुणे येऊन पंगती उठेपर्यंत 4 वाजणारच. शेतात लाईट रात्रीची असते, दिवसाचा काही भरवसा नाही, त्यामुळं फ्रिज नेऊन उपयोग नाही. 250 मिलीच्या कोल्ड्रिंकच्या 150 बाटल्या, पाण्याच्या छोट्या 200 मिलीच्या तेवढ्याच, आणि कॅनमध्ये ताक असा बेत आहे.

वडील म्हणतात मोठ्या टपात लादी फोडून टाका अन् वरून पोतं झाका, आजवर असंच केलंय. भाऊजी म्हणतात आइसबॉक्स आणा, आणि त्यात पाणी साचलं की लगेच काढत राहा नाहीतर बर्फ टिकत नाही. मंडपवाला म्हणतो बर्फात खडेमीठ टाका. मला एवढंच कळायचंय की बॉक्स किती, बर्फ किती किलो, आणि तो कधी आणायचा. म्हातारी माणसं लांबून येणारेत, तुळजापूर, बार्शी, मोहोळकडून, त्या उन्हातनं आल्यावर हातात कोमट बाटली द्यायची म्हणजे मनाला बरं वाटत नाही.

बाळे_केटरर्स

दादा, आधी एक सांगतो, बाकी सगळं त्याच्यानंतर. बाटल्या बॉक्समध्ये टाकतानाच गार पाहिजेत. लोक गोडाऊनमधली गरम बाटली थेट बर्फात टाकतात आणि मग अर्धा बर्फ ती बाटली गार करण्यातच संपतो, दुपारी बारा वाजता बघावं तर बॉक्समध्ये नुसतं पाणी. होलसेलवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा, त्याच्याकडं काचेचं दार असलेला मोठा फ्रिज असतो, रात्रभर त्यात लावून ठेवतो. नाही जमलं तर भावकीतले, शेजारचे असे चार-पाच फ्रिज धरा आणि आदल्या दिवशी सकाळीच बाटल्या भरा, रात्री नको. एका फ्रिजमध्ये तीस-चाळीस गरम बाटल्या एकदम कोंबल्या तर त्या गार व्हायला पूर्ण दिवस-रात्र घेतात, मधे लाईट गेली तर आणखी जास्त.

आणि टप नको. टपाला अंग नाही, एका प्लास्टिकच्या पातळ पत्र्याच्या पलीकडं सोलापूरचं ऊन असतं. थर्माकोलचे जाड भिंतीचे बॉक्स घ्या, मासे-औषधं येतात तसले, किंवा भाड्यानं प्लास्टिकचे आइसबॉक्स मिळतात ते. पोतं मात्र वडिलांचं बरोबर आहे, ते बॉक्सवर टाका.

प्रयोगशाळा_वहीवाला

वरच्या भाऊंनी सांगितलं ते आकड्यात मांडून दाखवतो, म्हणजे बर्फाचा हिशोब डोळ्यांसमोर येईल.

एक किलो बर्फ वितळताना साधारण 80 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. एक लिटर पाणी एक अंशानं गार करायला 1 किलोकॅलरी लागते, आणि कोल्ड्रिंकला पण जवळपास तेवढीच धरा. मेमध्ये बंद खोलीत ठेवलेली बाटली 38 अंशाची असते, ती 8 अंशाला आणायची म्हणजे 30 अंश. तुमच्या 150 बाटल्या म्हणजे साडेसदतीस लिटर, त्याला 1125 किलोकॅलरी, म्हणजे 14 किलो बर्फ. पाण्याच्या बाटल्या 30 लिटर, त्यांना अजून 11 किलो. झाला 25 किलो बर्फ फक्त गरम माल गार करण्यात, आणि अजून दिवस सुरू पण झाला नाही.

आता बॉक्सच्या भिंतीतनं आत येणारी उष्णता. पाच सेंटिमीटर जाड थर्माकोलचा मध्यम बॉक्स, बाहेर सावलीत 42 अंश, झाकण बंद, तर तासाला अर्ध्या किलोच्या आतच बर्फ वितळतो. दोन सेंटिमीटरचा पातळ बॉक्स असेल तर एक किलोच्या आसपास. म्हणजे जाड भिंतीचे तीन बॉक्स सात तास सांभाळायला दहा किलो. वर सारखं झाकण उघडणं आलं, त्याला तेवढाच अजून.

माझं मत, बाटल्या आधी गार असतील तर 30 किलोत आरामात निघतं. गरम टाकणार असाल तर 60 किलो सांगा. बर्फ महाग नाही म्हणा, पण 60 किलो बर्फ मावायला बॉक्स पण दुप्पट लागतात, बाटल्यांना जागाच राहत नाही.

लिंबाखालचा_शेतकरी

सर, लई भारी समजावलं. होलसेलवाल्याशी आजच बोलतो. पण मग भाऊजींचं पाणी काढायचं काय? आणि मीठ?

प्रयोगशाळा_वहीवाला

पाणी काढू नका. जोपर्यंत त्यात बर्फ तरंगतोय तोपर्यंत ते पाणी शून्याच्या आसपासच असतं आणि ते बाटलीला सगळ्या बाजूनं चिकटतं. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवेच्या फटी राहतात, खडा बाटलीला चार ठिकाणी टेकतो, बाकी अंग कोरडंच. सुरुवातीलाच एक-दोन तांबे गार पाणी घाला असं मी म्हणेन. पाणी कधी काढायचं, तर खायचा माल असेल, पनीर, श्रीखंडाचे डबे वगैरे, आत पाणी शिरून नासू नये म्हणून. किंवा पाणी इतकं भरलं की नवीन बर्फाला जागा नाही, तेव्हा थोडं.

मिठानं बर्फ शून्याच्या खाली जातो हे खरं आहे, भरपूर मीठ घातलं तर उणे वीसपर्यंत पण जातो, कुल्फीवाले तेच करतात. पण त्यात बर्फ भराभर वितळतो. दिवसभर टिकवायचं असताना मीठ म्हणजे उलटं काम. शिवाय सोड्याच्या बाटल्या जास्त वेळ राहिल्या तर आत गोठतात, काचेची असेल तर फुटते. मीठ वेगळ्या बादलीत ठेवा, अचानक वीस गरम बाटल्या दहा-पंधरा मिनिटांत गार करायची वेळ आली तर तिथं वापरा.

स्वयंपाकघर_सोलापूर

बाटल्यांचं सगळे बोलताय, ताकाकडं पण बघा. ताकात कारखान्याचा बर्फ अजिबात टाकू नका दादा. खायचा बर्फ वेगळा आणि माल गार ठेवायचा बर्फ वेगळा, दोन्ही सारखेच दिसायचे म्हणून 2018 पासून महाराष्ट्रात न खायच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम आहे. बर्फवाल्याकडं गेल्यावर आधी तेच बघा, आणि पांढरा दिसला तरी खायचा आहे का हे तोंडानं विचारा. बॉक्समध्ये निळा चालतो, पण मग बाटली काढून देणाऱ्याच्या हातात स्वच्छ फडकं द्या आणि झाकणाची जागा नीट पुसूनच बाटली पुढं करायला सांगा, कारण तोंड त्या पाण्यात बुडालेलं असतं. लहान मुलं थेट तोंडाला लावतात.

ताकाचं आमच्याकडं असं करतो की दही आदल्या रात्री फ्रिजमध्ये, घुसळायला पाणी पण फ्रिजचं, आणि कॅन बर्फाच्या टपात गळ्यापर्यंत उभा करायचा. बर्फ बाहेर, ताक आत. कोथिंबीर-आलं-जिरं वाटून वेगळं न्यायचं आणि थोडं थोडं ताकात मिसळायचं, सगळ्यात एकदम घातलं की दुपारपर्यंत चव उतरते. पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या पाऊण भरून चार दिवस आधीपासून डीप फ्रीजला लावा, पूर्ण भरू नका, गोठताना पाणी फुगतं आणि बाटली तडकते. त्या बर्फाच्या जागी बॉक्समध्ये टाकायच्या, संध्याकाळी वितळल्या की प्यायला गार पाणी, काही वाया जात नाही.

टॉवेल_कारखाना_गल्ली

काय बे, सोलापुरात राहून टॉवेलचं कुणीच कसं बोलंना? बॉक्सवर ओला टॉवेल गुंडाळा की! आपल्याकडं मेमध्ये हवा एवढी कोरडी असते की ओलं कापड बाहेर 42 असताना बावीस-पंचवीस अंशापर्यंत उतरतं, माठातलं पाणी गार होतं ते ह्याच्यामुळंच. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हे एवढं जमत नाही, तिकडं टॉवेल वाळतच नाही. बॉक्सच्या बाहेरचं अंग 42 च्या ऐवजी पंचविशीवर आलं तर आत शिरणारी उष्णता जवळपास निम्मी होते, सरांनी तासाला अर्धा किलो सांगितलंय ते पाव किलोवर येईल.

जाड टर्किश टॉवेल घ्या, पातळ पंचा नको, तो पाच मिनिटांत वाळतो. चारी बाजूनं गुंडाळून सुतळीनं बांधा आणि कुणातरी पोराला काम लावा की अर्ध्या तासानं तांब्याभर पाणी टाकत जा. बॉक्सला वारा लागला पाहिजे, म्हणून भिंतीला टेकवून किंवा ट्रॉलीत माल रचून त्याच्या आड ठेवू नका. जमिनीवर तर अजिबात नको, दुपारची माती पायाला चटके देते, खाली दोन विटा किंवा लाकडी फळी ठेवा. आणि लिंबाची सावली फिरते हे लक्षात ठेवा, सकाळी 10 ला जिथं सावली आहे तिथं 2 वाजता ऊन असतं. आदल्या दिवशी दुपारी जाऊन बघा सावली कुठं पडते, तिथंच जागा धरा.

बाळे_केटरर्स

टॉवेलचं एकदम बरोबर बोललात भाऊ, आम्ही गोणपाट ओलं करतो, काम तेच.

शेतकरी दादा, राहिलेलं सांगून टाकतो. बर्फ आदल्या रात्री आणू नका, पहाटे 6 ला कारखान्यातनं उचला आणि फोडून थेट बॉक्समध्ये. चुरा करून घेऊ नका, मुठीएवढे तुकडे टिकतात, चुरा लवकर संपतो. थोडासा चुरा फक्त बाटल्यांच्या फटीत भरायला. रचताना बाटल्या आडव्या, थराला थर, सगळ्यात वर बर्फ, कारण गारवा खाली उतरतो. रिकामा बॉक्स गाडीत उन्हात तापलेला असतो, माल भरायच्या आधी त्यात दोन-तीन किलो बर्फ टाकून अर्धा तास झाकून ठेवा.

तीन बॉक्स घ्या म्हणतो त्याचं कारण वेगळं आहे. एक उघडा-झाकायचा, तिथं एकच जबाबदार माणूस बसवायचा, पाहुण्यांनी स्वतः हात घालायचा नाही. बाकीचे दोन टेपनं बंद. पहिला संपला की दुसरा फोडायचा. पहिल्या पंगतीला एक, दुसरीला दुसरा, आणि तिसरा उशिरा येणाऱ्यांसाठी, बार्शीवाले नेहमी दीडनंतरच पोचतात.

लिंबाखालचा_शेतकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, पाच सेंटिमीटरचे तीन थर्माकोल बॉक्स, 35 किलो बर्फ पहाटे, बाटल्या होलसेलवाल्याकडनं गार करून, ताकाचा कॅन टपात. वडिलांना टप पण मिळाला आणि पोतं पण. ताई, खायच्या बर्फाचं बरं सांगितलंत, लहान पोरं वीस-पंचवीस आहेत. एकच राहिलं, उरलेल्या बाटल्या परत घेईल का होलसेलवाला?

बाळे_केटरर्स

घेतो, पण लेबल भिजून सुटलेलं नसलं तर. म्हणून तिसऱ्या बॉक्सला पाणी घालू नका, बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बर्फात ठेवा. आधी बोलून घ्या त्याच्याशी.