लॅपटॉप घ्यायचाय, दिवसभर मराठी टायपिंग, जाहिराती सोडून नक्की काय बघू?

सागरगोटी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच अडलंय.

मी रत्नागिरीत असते, इंग्रजीतून मराठी अनुवादाचं काम, दिवसाला आठ-नऊ तास इनस्क्रिप्टवर (सरकारमान्य देवनागरी की-मांडणी) टायपिंग. सोबत पाच-सहा पीडीएफ आणि ब्राउझरमध्ये शब्दकोश उघडे, बाकी गेम वगैरे काही नाही. बजेट ७५ हजार, फारच पटलं तर लाखापर्यंत ताणेन.

आत्ताचा लॅपटॉप एका मोठ्या कंपनीचा आहे, जाहिरातीत बोटाएवढी जाडी दाखवायचे तसला. चौदाव्या महिन्यात एन आणि जे या दोन कीज अडकायला लागल्या. इनस्क्रिप्टवाल्यांना कळेल हे काय दुखणं आहे, एन वर ल आणि शिफ्ट धरून ळ, जे वर र आणि शिफ्ट धरून ऱ, म्हणजे मराठीत एक ओळ पुढे जात नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला कीबोर्ड वेगळा बदलताच येत नाही, वरचं अख्खं पॅनेल टचपॅडच्या जागेसकट बदलायचं, १४ हजार, आणि वॉरंटी तर एका वर्षाचीच. दोन बटणांसाठी १४ हजार! तेव्हापासून बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लॅपटॉपवर आडवा ठेवून काम करतेय, मान आणि खांदा दोन्ही गेलेत.

आता भाचा म्हणतो ॲपलचा मॅकच घे, दादा म्हणतो विंडोज सोडू नकोस, आणि दोघंही मला जाहिराती पाठवत बसतात, याची त्याला नावं ठेवणारी आणि त्याची याला. त्या बघून माझ्या प्रश्नाचं उत्तर काही मिळत नाही. कीबोर्ड टिकेल का आणि बिघडला तर परवडेल अशा पैशात बदलता येईल का, एवढंच मला हवंय. कुणी सांगेल का?

निळाई

ताई, मॅकबुक एअर एम४, डोळे मिटून. १६ जीबी रॅमचं बेसिक मॉडेल ९९,९०० ला आलं होतं, सेलमध्ये खाली मिळतं. पंखाच नाही त्यामुळे धूळ आत ओढली जात नाही आणि आवाजही शून्य, इनस्क्रिप्ट पद्धतीचा देवनागरी लेआउट सिस्टिममध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. मी तीन वर्षं एअरवरच लिहितेय, बॅटरीचा विचारसुद्धा करावा लागत नाही.

जुनाट_पण_जिवंत

@निळाई, मशीन चांगलं आहे यात वाद नाही, पण कीबोर्डचा विषय निघालाय तर मॅकचा इतिहास ताईंना सांगायला हवा. २०१५ मध्ये १२ इंची मॅकबुकमध्ये ॲपलने बटरफ्लाय नावाचा कीबोर्ड आणला, का तर मशीन अजून पातळ करायचं होतं. पुढच्या वर्षी तोच मॅकबुक प्रोमध्ये. कीज इतक्या उथळ की एखादा बारीक कण खाली गेला तरी की अडकायची नाहीतर एकदा दाबून दोनदा उमटायची. लोकांनी बोंब मारून मारून शेवटी २०१८ च्या जूनमध्ये चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली. तरी त्याच धाटणीची मशीनं विकत राहिले, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये १६ इंची प्रो आला तेव्हा कुठे आधीचा, कीखाली कात्रीसारखी रचना असलेला सिझर कीबोर्ड परत आला आणि २०२० च्या मे मध्ये शेवटचं मॉडेल सुधारलं. म्हणजे पाच वर्षं. अमेरिकेत त्यावरून दावा झाला आणि २०२२ मध्ये ॲपलने ५ कोटी डॉलरची तडजोड केली. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला त्यातलं काही नाही.

आत्ताच्या एअरचा कीबोर्ड तो नाही, चांगला आहे. पण दोष पूर्ण निस्तरायला पाच वर्षं लागली हे मला विसरता येत नाही. वायरी जोडायच्या पोर्ट्सचंही तसंच, २०१६ ला प्रो मधून मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारा चार्जर), एचडीएमआय, कार्डाचा स्लॉट सगळं काढलं, लोक डोंगल म्हणजे जोडणीचे अडॅप्टर घेऊन फिरले, आणि २०२१ ला तेच सगळं परत आणलं.

पानसुपारी

मी आधी जाहिरात एजन्सीत होते, मीडिया प्लॅनिंगला, म्हणून या मॅक-विंडोज जाहिरातींच्या भांडणाबद्दल थोडं लिहिते. विषय जिव्हाळ्याचा आहे, लांबेल.

ॲपलची ती दोन माणसांची मालिका, पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक तरुण 'मी मॅक' म्हणतो आणि कोट घातलेला जाडसर माणूस 'मी पीसी' (म्हणजे विंडोजवाला) म्हणतो, २००६ ते २००९ चालली, ६६ जाहिराती झाल्या. जस्टिन लाँग मॅक, जॉन हॉजमन पीसी. त्या पुन्हा नीट बघा, कॉम्प्युटर जवळजवळ दिसतच नाही. व्हायरस, क्रॅश होणं, कटकट हे सगळं त्या बिचाऱ्या पीसीच्या तोंडी, आणि मॅक फक्त शांत उभा. धंद्याच्या नजरेने बघितलं तर फार हुशार काम होतं, कारण वस्तू न दाखवता वस्तू वापरणारा माणूस कसा असतो ते विकलं, आणि विंडोज व्हिस्टावर लोक खरंच वैतागलेले होते म्हणून ते लागूही पडलं.

मायक्रोसॉफ्टने उत्तर दिलं ते किमतीवर. २००९ च्या लॅपटॉप हंटर्स जाहिरातीत एक मुलगी १००० डॉलरच्या आत १७ इंची लॅपटॉप शोधते, मॅकच्या दुकानातून बाहेर येते आणि एचपीचा ७०० डॉलरच्या आत घेऊन जाते. ते इतकं झोंबलं की मायक्रोसॉफ्टचे केव्हिन टर्नर यांनी त्या वर्षी जाहीर भाषणात सांगितलं, ॲपलच्या वकिलांचा फोन आला, आम्ही किमती उतरवल्यात, आता त्या जाहिराती बंद करा म्हणून.

पुढची गोष्ट तर अजून बोलकी आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने इंटेलला सोडून स्वतःची एम१ चिप आणली, कार्यक्रमाच्या शेवटी हॉजमनला पुन्हा पीसी बनवून उभं केलं. चारेक महिन्यांत, २०२१ च्या मार्चमध्ये, इंटेलने काय केलं तर तोच जस्टिन लाँग, जो मॅक होता, त्याला घेऊन पीसीच्या जाहिराती काढल्या! पंधरा वर्षांनी माणूस तोच, फक्त पैसे देणारा बदलला.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं की दोन्ही बाजूंच्या या जाहिरातींत कीबोर्ड किती वर्षं टिकतो याबद्दल मला तरी एक वाक्य सापडलेलं नाही. तीस सेकंदांत जाडी दाखवता येते, वजन दाखवता येतं, पाकिटातून लॅपटॉप काढता येतो (स्टीव्ह जॉब्सनी २००८ ला पहिला एअर तसाच काढला होता). चौदाव्या महिन्यात अडकणारी की कशी दाखवणार? आणि जे दाखवता येतं त्याच्यासाठीच मग डिझाइन होतं, मशीन पातळ करायचं म्हणून कीज उथळ, पोर्ट्स कमी, सगळं चिकटवलेलं. भाच्याचे आणि दादाचे व्हिडिओ बघू नका ताई, तुमचा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही.

स्क्रूड्रायव्हर_सांगली

ताई, मी सांगलीत लॅपटॉप रिपेअरिंग करतो, सोळा वर्षं झाली. तुमची केस माझ्या टेबलावर आठवड्याला दोन-तीन वेळा येते.

पूर्वी कीबोर्ड दोन-चार स्क्रू आणि पट्ट्यांवर बसायचा, दहा मिनिटांत बदलून व्हायचा. आता बऱ्याच मशीनमध्ये कीबोर्ड वरच्या केसच्या आतल्या बाजूने प्लॅस्टिकच्या बारीक टाक्यांनी डाग देऊन बसवलेला असतो, साठ-सत्तर टाके सहज. ते तोडून नवा कीबोर्ड बसवता येतो, मी करतो, पण पहिल्यासारखा घट्ट बसेल याची गॅरंटी कोण देणार, मधे दाबलं की स्प्रिंगसारखं हलतं. म्हणून कंपनीवाला अख्खं पॅनेलच लावतो.

घ्यायच्या आधी एवढं करा. एचपी, डेल, लेनोवो तिघांच्या सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्या साइटवर फुकट असतात, मॉडेल टाकून शोधा. त्यात कीबोर्ड काढायचा स्वतंत्र धडा आहे का बघा. पार्टच्या यादीत कीबोर्ड 'टॉप कव्हर विथ कीबोर्ड' असाच असला तर तुमचे १४ हजार पुन्हा ठरलेले. लेनोवोची पीएसआरईएफ नावाची साइट आहे, तिथे रॅम बोर्डावर सोल्डर (कायमची जोडलेली) आहे की बदलता येणाऱ्या स्लॉटमध्ये तेही मॉडेलगणिक लिहिलेलं असतं. दुकानदार 'वाढवता येईल' म्हणतो, त्याच्यावर जाऊ नका.

अजून एक, हिंज, म्हणजे स्क्रीनची बिजागरी. स्वस्त प्लॅस्टिक बॉडीत हिंजचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या पितळी बुशवर असतात, दोन-अडीच वर्षांत बुश उपटून येतो आणि स्क्रीन उघडताना कड फाटते. दुकानात एका हाताने स्क्रीन उघडून बघा, फार कडक असेल तर नको. आणि तुम्ही समुद्राकाठी, खारी हवा, रात्री लॅपटॉप झाकून ठेवत जा.

सागरगोटी

बाप रे, इतकं सगळं. सगळ्यांचे आभार. @स्क्रूड्रायव्हर दादा, तुमच्या हिशेबात मग कुठलं मशीन बसतं? आणि मॅकचा कीबोर्ड बदलायचा झाला तर?

स्क्रूड्रायव्हर_सांगली

एअरमध्येही कीबोर्ड वरच्या केसला धरूनच असतो, रॅम आणि स्टोरेज बोर्डावरच. बिघडणार नाही बहुतेक, पण बिघडलं तर खर्च मोठा, आणि तुमच्या गावातून कुरिअरच करावा लागेल. ॲपलचा केअर प्लॅन (पैसे भरून वाढवलेलं संरक्षण) घेणार असाल तरच जा.

विंडोजमध्ये मी लेनोवोची थिंकपॅड टी मालिका सांगेन. टी१४ मध्ये कीबोर्ड वेगळा निघतो, मागचं कव्हर काढून दोन स्क्रू, बास. पहिल्या पिढीच्या टी१४ ला ८ किंवा १६ जीबी रॅम बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा. नवा तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल, पण कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले रिफर्बिश्ड चाळीस हजारांच्या आसपास मिळतात. फक्त इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीच्या खालचं काही घेऊ नका, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट २०२५ च्या ऑक्टोबरात संपला.

जुनाट_पण_जिवंत

थिंकपॅडला माझा जोरदार पाठिंबा, पण त्यांनाही आंधळेपणाने डोक्यावर घेऊ नका. २०१३ ला टी४४० मध्ये कीबोर्डच्या मधल्या, कर्सर हलवायच्या लाल टिंबाची तीन बटणंच काढून टाकली, लोक इतके चिडले की २०१५ ला टी४५० मध्ये परत आणली. २०१४ च्या एक्स१ कार्बनमध्ये फंक्शन कीजऐवजी टचची पट्टी, तीही पुढच्याच वर्षी गेली. तरीही ॲपलने २०१६ ला टच बार आणलाच! आणि डेल, २०२२ च्या एक्सपीएस १३ प्लसमध्ये परत तेच, टचच्या फंक्शन कीज आणि कड न दिसणारा टचपॅड. २०२६ च्या जानेवारीत खऱ्या कीज परत आल्या. एकाने चूक करायची, निस्तरायची, तोपर्यंत दुसऱ्याने तीच उचलायची, आणि मधल्या काळात ज्यांनी पैसे मोजले ते अडकले. मला याचा मनापासून राग येतो, कारण चार दिवस एखाद्या टायपिस्टला मशीन वापरायला दिलं असतं तरी कळलं असतं.

ताई, एक लक्षात ठेवा, जुन्या थिंकपॅडवर डाव्या कोपऱ्यात एफएन आणि त्याच्या उजवीकडे कंट्रोल असतो, २०२४ पासून लेनोवोने उलटं करायला घेतलं. सुरुवातीला हात चुकेल, पण बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) अदलाबदल करता येते.

निळाई

हे चांगलं सांगितलंत, जोडाक्षर अर्धं दाखवायला विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ लागतं ना. बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपवर उजवीकडच्या कंट्रोलच्या जागी कोपायलटची (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाची) की असते, २०२४ पासून. उजव्या हाताने कंट्रोल दाबायची सवय असेल तर तेही बघून घ्या. ताई, मी एअरचं सुचवणं मागे घेत नाही, पण तुमची गरज वाचून रिफर्बिश्डचं पटलं मला.

सागरगोटी

मी डावाच कंट्रोल वापरते, त्यामुळे ती अडचण नाही. रिफर्बिश्डला मन घाबरतंय फक्त. बॅटरी?

स्क्रूड्रायव्हर_सांगली

कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg ला बॅटरी रिपोर्ट मागायचा, म्हणजे पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही येतात. सत्तर टक्क्यांच्या खाली असली तर दुकानदाराकडून बदलून घ्या, ती पण स्क्रूवरच आहे, चिकटवलेली नाही. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि लेखी सहा महिने तरी वॉरंटी मागा. उरलेल्या पैशात एक जादा कीबोर्ड आत्ताच घेऊन कपाटात ठेवा, मागच्या कव्हरचे स्क्रू कसे काढायचे ते मी फोटोसकट इथेच टाकतो.

पानसुपारी

आणि दुकानात इंग्रजी टाइप करून बघू नका. माझी सासू डीटीपी करायची, ती नवा कीबोर्ड आला की एक वाक्य दहा वेळा टाइप करायची: 'काळ्या दोऱ्याने बांधलेली मळकी पिशवी म्हाताऱ्याने तळ्याच्या पायऱ्यांवर ठेवली.' ळ, ऱ, हलन्त सगळे सापडतात त्यात.

सागरगोटी

वाक्य वहीत उतरवून घेतलं. शनिवारी कोल्हापूरला जातेय, तिथे दोन दुकानांत टी१४ आहेत असं फोनवर कळलं. @स्क्रूड्रायव्हर दादा, फोटो टाका, कीबोर्ड दोन घेते.