प्रोटोटाइप म्हणजे पैशाचा चुराडा? काहीही!

टूलरूम_भोसरी
परवा एकाने पोस्ट टाकली, "सिम्युलेशन (कॉम्प्युटरवरची चाचणी) एवढं पुढे गेलंय, आता प्रोटोटाइप, म्हणजे आधी नमुना करून बघणं, म्हणजे पैशाचा चुराडा. बोईंग ७७७ आख्खं कॉम्प्युटरवर डिझाइन झालं, तुम्ही थेट मोल्ड (प्लास्टिकचा पार्ट ओतायचा साचा) कापा." डोकंच फिरलं वाचून. अहो, मोल्डचं स्टील अजून कोरता येतं, पण जास्त कोरलं गेलं तर वेल्डिंग भरा, परत मशीनिंग करा, आणि पॉलिश पार्ट असेल तर तो डाग दिसतोच. आमच्याकडे एका पंपाचं कव्हर आलं होतं, स्क्रीनवर एकदम चोख, कुठे काही धडकत नाही. थ्रीडी प्रिंट काढून फिटरच्या हातात दिलं तर तो म्हणाला साहेब मागच्या बोल्टला पाना लागतोय पण फिरवू कुठे? मोल्ड कापल्यावर कळलं असतं तर? ब्रिटिश संशोधक जेम्स डायसनने १९७९ ते १९८४ मध्ये एका व्हॅक्यूम क्लीनरसाठी ५,१२७ प्रोटोटाइप केले, ते काय हौस म्हणून?

कॅडवाला
ती पोस्ट माझीच. डायसनच्या वेळी आजच्यासारखं सिम्युलेशन टेबलावर होतं का? आणि पाना फिरत नाही हा डिझाइनरचा आळस आहे, पान्याचं मॉडेल असेंब्लीत टाकलं असतं तर तिथेच दिसलं असतं. उलट प्रिंटनेच फसगत होते. प्रिंट थराच्या जोडावर तुटतं, मोल्डमधलं एबीएस प्लास्टिक तसं तुटत नाही, तरी लोक प्रिंटचं स्नॅप फिट (दाबून खटकन बसणारा जोड) दाबून बघतात आणि डिझाइन बदलतात.

टूलरूम_भोसरी
ताकद बघा असं मी कुठे लिहिलंय? न वाचता उत्तर देऊ नका. आणि ७७७ चं अर्धंच सांगताय, नाकाकडच्या भागाचा मॉकअप (पूर्ण आकाराचा नमुना) त्यांनीही करून बघितला होता. पहिलं उड्डाण जून १९९४ ला, प्रवासी बसले जून १९९५ ला. मधे चाचण्यांची विमानं उडतच होती ना?

जॉबवर्क_चाकण
तुमचं चालू द्या, पण सॅम्पलचे पैसे कोण देतं ते बोला ना कोणीतरी. "आधी सॅम्पल दाखवा, पीओ (लेखी ऑर्डर) नंतर." मटेरियल आमचं, मशीनचा वेळ आमचा, रात्री ऑपरेटर थांबवायचा, आणि आमचंच सॅम्पल दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून कोटेशन मागतात. एका कस्टमरने तर त्यावर आमच्या पेनाच्या खुणा तशाच ठेवून फिरवलं.

हिशेबी
पीओशिवाय हात लावू नका. २००६ चा एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांचा) कायदा आहे, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पेमेंट लांबवता येत नाही.

जॉबवर्क_चाकण
पीओच नाही तर ४५ दिवस मोजू कुठून? आणि तक्रार केली की पुढची इन्क्वायरी बंद. ऑफिसात बसून कायदा सांगणं सोपं आहे.

हिशेबी
आवाज माझ्यावर नको. फुकट देणारे तुम्हीच, त्याने आमचेही रेट पडतात.

कॅडवाला
हेच म्हणतोय मी! फुकट मिळतं म्हणून ड्रॉइंग नीट न बघता पाचवी रिव्हिजन मागतात.

टूलरूम_भोसरी
हे मान्य. पण मग पैसे मागा, प्रोटोटाइप कशाला बंद करता?

कॅडवाला
बरं, हात आत जातो का, पाना फिरतो का, एवढ्यापुरतं प्रिंट काढा. ताकदीचा निर्णय त्यावर कोणी घेतला तर मी परत भांडणार.

जॉबवर्क_चाकण
सॅम्पलचे पैसे आधी घ्यायचे आणि ऑर्डर आली की बिलातून वजा करायचे, असं कोणी लेखी घेतं का? मजकूर असेल तर टाका इथे, सोमवारी एकाकडे जायचंय.