हुमणीसाठी सोडलेल्या मित्र सूत्रकृमींचा गुण आला नाही. नेमके कुठे चुकले?

प्रश्न – ऊसकरी, वाळवा तालुका

नमस्कार. माझा दोन एकर खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) नदीपासून दूर, माळाच्या मुरमाड जमिनीत आहे. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ऊस ठिकठिकाणी पिवळा पडू लागला आणि जरासा हिसका देताच अख्खे बेट हातात येऊ लागले. मुळे कुरतडलेली होती आणि खालच्या मातीत बोटाएवढ्या जाड हुमणीच्या तीन-चार अळ्या सापडल्या. फोरेट हे कीटकनाशक बंद झाल्यापासून पर्याय शोधतच होतो, म्हणून एका दुकानातून हेटरोऱ्हॅब्डायटिस जातीच्या सूत्रकृमींच्या, म्हणजे अळीला मारणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, भुकटीची पाकिटे आणली, सकाळी अकराच्या सुमारास पाठीवरच्या पंपाने सरीत फवारली आणि पाण्याची पाळी आली तेव्हा, म्हणजे चार दिवसांनी, पाणी दिले. पंधरा दिवसांनी उकरून पाहिले तर अळ्या जशाच्या तशा जिवंत होत्या.

यंदा पुन्हा हा खर्च करावा का? दुसरी शंका अशी की, शेजाऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत सूत्रकृमींनीच मुळांवर गाठी आणल्या आहेत. मग तेच विकत आणून आपल्या रानात सोडणे शहाणपणाचे आहे का?

उत्तर – माती आणि मुळे

आधी दुसऱ्या शंकेविषयी लिहितो, कारण ती अनेकांच्या मनात असते. डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात सुईसारखा अवयव असतो आणि तो मुळात खुपसून ती रस शोषते. हेटरोऱ्हॅब्डायटिस किंवा स्टायनरनेमा या मित्र सूत्रकृमींकडे असा अवयवच नसल्यामुळे मुळावर त्यांना जगता येत नाही. गांडुळांनाही त्यांचा त्रास होत नाही. नाव एक असले तरी दोघांची कुळे वेगळी आहेत.

हुमणीला मारण्याचे खरे काम सूत्रकृमीच्या पोटातील जिवाणू करतात. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची सूत्रकृमींची पिले अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनरंध्रांतून आत शिरतात आणि जिवाणू सोडतात. अळी साधारणपणे दोन-तीन दिवसांत मरते. त्यानंतर सूत्रकृमी त्याच मढ्यात वाढतात आणि पुढच्या दोनएक आठवड्यांत हजारोंच्या संख्येने बाहेर पडून नवी अळी शोधू लागतात. हेटरोऱ्हॅब्डायटिसने मेलेली अळी विटेसारखी तांबूस होते आणि तिला कुजकट वास येत नाही, कारण हे जिवाणू इतर जिवाणूंना तिच्यात वाढू देत नाहीत. काळी पडून लिबलिबीत झालेली, घाण वासाची अळी सापडली, तर ती यांच्यामुळे मेली असे धरू नये.

आता आपली चूक. पहिली आणि सर्वांत मोठी चूक वेळेची आहे. दसऱ्याला जमिनीत असते ती तिसऱ्या अवस्थेतील पोसलेली अळी. तिच्या श्वसनरंध्रांवर चाळणीसारखी झडप असते, ती वारंवार विष्ठा टाकते आणि अंगावर चढलेले सूत्रकृमी तोंडा-पायांनी झटकते, त्यामुळे तिच्यात शिरकाव करणे अवघड जाते. वळिवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे, म्हणजे तिचे प्रौढ किडे, निघतात, जूनमध्ये अंडी पडतात. तेव्हा जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, अळी लहान असताना, सूत्रकृमी सोडायला हवेत.

दुसरी चूक सकाळी अकराची. हा जिवंत प्राणी आहे आणि उघड्या उन्हात तो फार थोडा वेळ तग धरतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, आधीच ओल असलेल्या जमिनीत त्याला सोडावे आणि लगेच हलके पाणी द्यावे, म्हणजे तो मुळांपर्यंत उतरतो. मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातूनच त्याला सरकता येते. त्यामुळे कोरड्या मुरमात चार दिवस पडून राहिलेल्या सूत्रकृमींकडून काही अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता. मात्र पाणी तुंबू देऊ नये, कारण त्यांना हवाही लागते.

प्रमाण साधारणपणे हेक्टरी अडीच अब्ज, म्हणजे एकरी एक अब्ज पिले असे सांगितले जाते. म्हणून पाकिटाच्या किलोंवर न जाता त्यावर छापलेली संख्या पाहावी.

उत्तर – नदीकाठचा शेतकरी, शिरोळ

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. वाळव्याच्या दादांची जमीन माळाची आहे, तेव्हा त्यांची हुमणी बहुधा होलोट्रिकिया जातीची असावी. तिचे भुंगेरे पहिल्या वळिवानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात; फांद्या हलवून ते खाली पाडले आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर पुढची निम्मी लढाई तिथेच संपते. मात्र हे काम एकट्याच्या बांधावर करून भागत नाही, सगळ्या शिवाराने मिळून करावे लागते. आमच्याकडे नदीकाठची ल्युकोफोलिस ही हुमणीची दुसरी जात असते आणि तिचे भुंगेरे असे झाडांवर गोळा होत नाहीत, त्यामुळे आमचा भर जमिनीतील उपायांवरच राहतो.

दुसरी गोष्ट पंपाची. पहिल्या वर्षी मीही नोझलची बारीक जाळी न काढता फवारणी केली होती. आता नोझल पूर्ण काढून, एकरी किमान २०० लिटर पाण्यातून बेटाच्या बुडाशी आळवणी करतो आणि मध्येमध्ये पाणी ढवळत राहतो, कारण सूत्रकृमी तळाला बसतात. श्रावणात बेटाखालची माती उकरली, तेव्हा तांबूस पडलेल्या अळ्या पहिल्यांदा पाहिल्या. सगळ्या अळ्या काही मेल्या नव्हत्या, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

प्रश्नकर्ता – ऊसकरी, वाळवा तालुका

आपणा दोघांचे आभार. दुकानात ती पाकिटे पत्र्याखालच्या फळीवर उन्हाळाभर पडून असावीत, असा आता संशय येतो. पाकिटातील सूत्रकृमी जिवंत आहेत की नाहीत, हे घरी ओळखता येईल का? आणि हुमणीला मारणाऱ्या मेटाऱ्हायझियम बुरशीसोबत ते देता येतील का?

उत्तर – माती आणि मुळे

ओळखता येईल. चिमूटभर भुकटी काचेच्या बशीत साध्या पाण्यात भिजवून अर्धा-एक तास ठेवावी आणि बशी काळ्या कागदावर ठेवून चांगल्या भिंगातून पाहावी. जिवंत पिले वळवळतात, मेलेली सुईसारखी ताठ पडून राहतात. बहुतेक सगळी ताठ दिसली, तर पाकीट परत करावे.

मेटाऱ्हायझियम आणि सूत्रकृमी एकाच शेतात चालतात. माझ्या मते बुरशी शेणखतात मिसळून आधी द्यावी आणि सूत्रकृमी नंतर पुरेशी ओल पाहून सोडावेत. एकाच टाकीत दोन्ही कालवण्याची घाई करू नये. बुरशीने मेलेल्या अळीवर आधी पांढरी आणि मग हिरवी भुकटी येते, त्यामुळे कोणाचा गुण आला हे उकरल्यावर रंगावरूनच कळते. गाठींच्या सूत्रकृमींसाठी मिळणारे सूत्रकृमीनाशक मात्र त्या रानात त्या काळात मुळीच देऊ नये, कारण त्याने हे मित्रही मरतात.