ऑइल फिल्टर कापून बघितले, पण आत नक्की काय बघायचं असतं?

चिंचवडचा_गाडीवाला
नमस्कार मंडळी. छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, ऑइल मी घरीच बदलतो. मागच्या वेळी कंपनीचा फिल्टर मिळाला नाही म्हणून बाजारातून एक स्वस्तातला आणून लावला आणि तेव्हापासून सकाळच्या पहिल्या स्टार्टला ऑइलचा दिवा जरा उशिरा विझायला लागला, वरच्या बाजूने टकटक पण येते दोन-तीन सेकंद, मग सगळं गप्प. दिवसभरात परत स्टार्ट केली तर काही नाही, रात्रभर उभी राहिली की मगच. आमच्या इंजिनात फिल्टर आडवा बसतो.

आता ऑइल बदलताना तो काढला, कंपनीचा जुना पण पडून होता, मग दोन्ही कापले. कंपनीच्यात कागदाच्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या, नारिंगी मऊ रबर, तळाला गोल स्प्रिंग. स्वस्तवाल्यात पुठ्ठ्याच्या टोप्या, काळं रबर, स्प्रिंगच्या जागी वाकवलेली पट्टी, आणि घड्या पण कमी. बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे कागद चोंदला तर ऑइलला दुसरी वाट देणारी झडप, ती तर मला त्यात दिसलीच नाही. म्हणजे पुठ्ठा आणि कमी घड्या म्हणून तो भंगार समजायचा का? आणि सकाळच्या आवाजाचा फिल्टरशी संबंध असू शकतो का? माहितगारांनी सांगा.

उद्यमनगर_टर्नर
आवाजाचा संबंध शंभर टक्के असू शकतो भाऊ, पण त्याचा पुठ्ठ्याशी काही संबंध नाही, खरा गुन्हेगार ते काळं रबर आहे.

बघा, ऑइल फिल्टरमध्ये कडेच्या बारक्या भोकांतून शिरतं, डब्याच्या आणि कागदाच्या मधल्या जागेत भरतं, मग कागदातून आत मधल्या नळीत येतं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनात जातं. बाहेरून आत असा प्रवास. आता इंजिन बंद झालं की हे ऑइल आलं त्या वाटेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, परत जायला बघतं. ते अडवायला कडेच्या भोकांच्या मागे रबराची चकती असते, अँटी ड्रेनबॅक व्हॉल्व्ह म्हणतात तिला. फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर ऑइल तसंही आतच राहतं, पण आडवा किंवा तोंड खाली असेल तर सगळा भार त्या चकतीवर. ती कडक झाली, वाकडी झाली, पत्र्यावर नीट टेकली नाही की रात्रीत फिल्टर रिकामा. सकाळी पंप आधी फिल्टर भरत बसतो आणि तेवढा वेळ वरच्या कॅमला, टॅपेटला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांना) ऑइल नाही. दिवा उशिरा विझतो तो त्यामुळेच.

तुमच्याकडे दोन्ही कापलेले आहेत ना, मग रबर हातात घ्या आणि कड दुमडून बघा. काळं बहुतेक नायट्राइल असतं, स्वस्त असतं आणि उष्णतेने हळूहळू कडक होतं, नारिंगी किंवा लाल बहुतेक सिलिकॉन, ते गरमीत पण मऊ राहतं. रंगावर आंधळा भरवसा ठेवू नका, रंग कुठलाही देता येतो, बोटाने बघा. नवीन फिल्टर न कापता पण तपासता येतो, कडेच्या भोकातून टूथपिकने रबर हळूच आत दाबा आणि सोडा, लगेच परत येऊन टेकलं पाहिजे. एका बाजूला फट राहिली तर दुकानदाराला परत द्या.

आणि कापताना हॅकसॉ वापरलात का? वापरला असेल तर आतल्या लोखंडाच्या कणांवरून काही निष्कर्ष काढू नका, तो कीस करवतीचाच असतो. आम्ही लेथवर धरून तोंडाजवळची कड सोडवतो, किंवा फिल्टर कटर मिळतो पाइप कटरसारखा गोल फिरवायचा, त्याने कीस पडत नाही.

मायक्रॉन_मोजणारा
मी फिल्टर टेस्टिंगमध्ये काम केलंय म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयावर कापलेल्या फिल्टरचे फोटो बघून लोक फार घाईने निकाल देतात.

पुठ्ठ्याची टोपी म्हणजे आपोआप वाईट असं नाही. टोपीचं काम एवढंच की घड्यांच्या टोकातून ऑइल न गाळता निसटू नये आणि कागद जागेवर राहावा. पुठ्ठ्यावर चिकट नीट सगळीकडे लागलेलं असेल तर ते काम होतं, आणि पत्र्याच्या टोपीत चिकट अर्धवट पडलं असेल तर होत नाही. म्हणून टोपी कशाची आहे त्यापेक्षा टोपी आणि कागद जिथे भेटतात ती रेष बोट फिरवून बघा, कुठे सुटलंय का, कुठे घडी मोकळी आहे का. तसंच कागदाचा जोड बघा, जिथे त्याची दोन टोकं पत्र्याच्या क्लिपने किंवा चिकटवून जोडलेली असतात. तिथे फट असेल तर बाकी कागद कितीही भारी असो, ऑइल सोपी वाट पकडणारच.

घड्या मोजण्यात पण फसगत होते. कागद सोडवून सरळ करा आणि लांबी गुणिले रुंदी करा, ते खरं क्षेत्रफळ. कमी घड्या पण खोल असतील तर क्षेत्रफळ जास्त भरू शकतं, आणि घड्या फार दाटीने कोंबल्या तर त्या एकमेकींना चिकटतात, मधे ऑइल शिरतच नाही, कागद फुकट जातो. घड्या समान अंतरावर आहेत का हे मात्र जरूर बघा, एकीकडे गर्दी आणि एकीकडे उघडं मैदान असेल तर बनवतानाच हयगय झालीय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कापून दिसतच नाही, ते म्हणजे गाळणी किती बारीक गाळते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, आणि बेअरिंगला त्रास देणारे कण त्याहून कितीतरी बारीक, डोळ्याला दिसत नाहीत. हे मोजायला आयएसओ ४५४८-१२ ही मल्टिपास टेस्ट आहे, ठरलेली धूळ ऑइलमध्ये सतत सोडत राहायची आणि फिल्टरच्या आधी किती कण, नंतर किती कण ते मोजायचं, त्या गुणोत्तराला बीटा म्हणतात. २० मायक्रॉनला बीटा २ असेल तर त्या मापाचे आणि त्याहून मोठे निम्मे कण पलीकडे जातात, बीटा १०० असेल तर शंभरातला एकच. म्हणून खोक्यावर नुसतं '२० मायक्रॉन' छापलेलं असेल तर त्याला अर्थ नाही, किती टक्के पकडतो ते पण पाहिजे. साधा सेल्युलोजचा कागद आणि काचेचे बारीक तंतू मिसळलेला कागद दिसायला बऱ्यापैकी सारखे असू शकतात पण या टेस्टमध्ये चांगलाच फरक पडतो.

बायपासचं म्हणाल तर त्या पट्टीच्या मधोमध बघा, बऱ्याचदा पट्टीतच छोटी स्प्रिंग आणि चकती बसवलेली असते. काही इंजिनांत बायपास ब्लॉकमध्येच असतो, तिथे फिल्टरमध्ये नसला तरी चालतं. पण तुमच्या कंपनीच्या फिल्टरमध्ये तो असेल आणि याच्यात खरंच नसेल तर गंभीर गोष्ट आहे. कागद चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं तर बायपास उघडून न गाळलेलं का होईना पण ऑइल इंजिनात पाठवतो. तो नसेल तर इंजिन उपाशी राहतं नाहीतर मधली नळी दाबाने चेपते.

कराडची_डिझेलवाली
माझ्या जुन्या स्विफ्ट डिझेलमध्ये डबा नाहीच, प्लास्टिकची टोपी खोलून आतला कागदाचा एलिमेंट बदलतात. मग हे रबराचं वगैरे मी कुठे बघायचं?

मायक्रॉन_मोजणारा
ताई, तुमच्या प्रकारात ड्रेनबॅकचं काम हाउसिंगमध्येच, म्हणजे एलिमेंट बसतो त्या इंजिनावरच्या घरातच होतं, दर वेळी बदलत नाही. तुमच्यासाठी टोपीची ओ-रिंग महत्त्वाची, ती एलिमेंटबरोबर नवीन येते, तीच लावायला सांगा, आणि टोपी हाताच्या अंदाजाने न आवळता तिच्यावर लिहिलेल्या टॉर्कनेच. फायदा असा की न कापता दर सर्व्हिसला जुना एलिमेंट तुम्हाला उघडा बघायला मिळतो, गॅरेजवाल्याकडून मागून घ्या. घड्या चेपलेल्या किंवा एका बाजूला सरकलेल्या असतील तर विचारा.

चिंचवडचा_गाडीवाला
खूप आभार दोघांचे. आत्ता जाऊन बघितलं, काळं रबर दुमडलं तर कडेला चिरा पडल्या आणि एका बाजूने पत्र्यापासून उचललेलंच आहे. नारिंगी अजून मऊ. बायपास पट्टीतच निघाला, मधे बारीक स्प्रिंग आहे. कागदाच्या घड्यांत थोडी चमक दिसते दोन्हीत, कापायला हॅकसॉ वापरला होता, त्यामुळे ते सोडून द्यावं लागेल बहुतेक. नाना पेठेत परत जाणार आहे, नवीन घेताना अजून काय बघू?

उद्यमनगर_टर्नर
चमक सोडून देऊ नका, अजून बघता येईल. करवत जिथे फिरली त्यापासून लांबचा, घड्यांच्या आतला कागदाचा तुकडा ब्लेडने कापा, पांढऱ्या ताटलीत रॉकेलमध्ये खंगाळा आणि खालून चुंबक फिरवा. चुंबकाला जे चिकटतं ते लोखंड, करवतीचं पण असू शकतं. जे चिकटत नाही आणि तांबूस पिवळं चमकतं ते बेअरिंगचं असू शकतं, कारण करवतीतून तांबं येत नाही. एखाद-दुसरी बारीक कणी असेल तर काळजी नको, पापुद्रे निघाले तर इंजिन दाखवा.

नवीन घेताना जुना बरोबर न्या आणि आटे जुळवा. २० मिलिमीटर दीड पिचचे (दोन आट्यांमध्ये दीड मिलिमीटर अंतर) आटे आणि पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचे, हे दोन इतके जवळचे आहेत की २० चा फिल्टर इंजिनावरच्या पाऊण इंची स्टडवर (फिल्टर ज्यावर फिरवतो त्या आट्यांच्या नळीवर) फिरतो, बसल्यासारखा वाटतो, पण सैल असतो आणि दाब आला की निसटू शकतो. आटे स्वच्छ आहेत का, बाहेरची रबर रिंग खाचेत सगळीकडे सारखी बसलीय का बघा. मधल्या भोकातून टॉर्च मारा, नळीची छिद्रं नीट उघडलेली दिसली पाहिजेत, काहींत नुसत्या चिरा पाडून अर्धवट उघडलेल्या असतात. कानाजवळ धरून हलवा, आत खुळखुळ वाजलं तर एलिमेंट सैल आहे.

बसवताना जुनी रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघा, दोन रिंगा एकावर एक आल्या तर सगळं ऑइल रस्त्यावर जातं. नवीन रिंगला ऑइल लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि मग डब्यावर लिहिलंय तेवढंच, साधारण पाऊण फेरा. पाना लावून आवळू नका. मग गाडी पाच मिनिटं चालू ठेवून खाली वाकून बघा, बंद करून परत डिपस्टिक बघा, फिल्टर भरल्यावर लेव्हल थोडी उतरते.